वेताचे चिलखत

चिलखत हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रतापगडचा पायथा उभा राहतो. इ. स. १६५९ च्या नोव्हेंबर महिन्यात शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीस निघाले, तेव्हा त्यांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली शिरस्त्राण घातले होते, ही गोष्ट आपल्याकडे चौथीच्या मुलासही तोंडपाठ असते. त्या कथेतील एक मर्म मात्र सहसा ध्यानात येत नाही. महाराज लढाईस चालले नव्हते. नावाने तरी ती भेट होती. तत्रापि त्यांनी चिलखत घातले, कारण समोरच्याच्या मनाची खात्री नव्हती. जेथे जाणे तर प्राप्त आहे, परंतु तेथील माणसांचा भरवसा नाही, अशा प्रत्येक ठिकाणी निघालेल्या माणसाच्या मनात चिलखताचा विचार येतो. मग ते ठिकाण रणांगण असो, वा रोजचा रस्ता असो.

आज मला अशाच रोजच्या रस्त्यावरच्या एका चिलखताविषयी बोलावयाचे आहे. ते वेताचे आहे, आणि ते शहरात राहणाऱ्या स्त्रीसाठी केलेले आहे. ते ज्यांनी केले त्या मुंबईच्या कलावती शकुंतला कुलकर्णी. हे काम काय आहे, ते का करावे लागले, आणि आपल्यासारख्या घरादारांतल्या माणसांनी त्याच्याकडे कसे पाहावे, हे यथाशक्ति सांगण्याचा प्रयत्न करतो.

शकुंतलाबाईंचा जन्म १९५० सालचा, धारवाडचा. धारवाड म्हणजे कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांचा शेजार लाभलेले गाव. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घेतले. भित्तिचित्रणाचा अभ्यास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात केला. आणि मुद्राचित्रणासाठी त्या शांतिनिकेतनातही राहिल्या. पुढे त्यांचे वास्तव्य आणि काम मुंबईत झाले. आरंभ रंगचित्रांनी झाला असला, तरी हळूहळू त्या चौकटीबाहेर पडल्या आणि शिल्प, छायाचित्र, चलच्चित्र व स्वतः केलेले मूकप्रयोग अशा अनेक साधनांनी बोलू लागल्या. साधने बदलली, परंतु विषय फारसा बदलला नाही. शहरात वावरणारी स्त्री, तिच्या वावरण्यावर पडणारी बंधने, आणि त्या बंधनांतून ती काढीत असलेली वाट, हा त्यांचा विषय होय.

२०१० ते २०१२ या काळात त्यांनी जे काम उभे केले, त्याच्या इंग्रजी नावाचे मराठी करावयाचे झाल्यास 'देह, चिलखत आणि पिंजरे' असे होईल. २०१२ साली मुंबईच्या फोर्ट भागातील केमोल्ड प्रिस्कॉट रोड या कलादालनात त्याचे प्रदर्शन झाले. त्यात काय होते? पूर्ण अंगावर चढविता येतील अशी वेताची चिलखते होती. वेताच्या कांबी वाकवून, वळ्यांवर वळ्या बसवून आणि त्या एकमेकींस बांधून छातीचे कवच, कमरेखालचा घेर, खांद्यावरचे पंख आणि मस्तकावरचे शिरस्त्राण घडविलेले होते. ती पाहताना देशोदेशीच्या योद्ध्यांच्या वेषांची आठवण होते, आणि त्याबरोबरच दागदागिन्यांचीही होते. ही चिलखते रिकामी, जणू आतील बाई नुकतीच निघून गेली आहे अशी मांडलेली होती. त्यांच्याबरोबर छायाचित्रे होती. त्यांत स्वतः शकुंतलाबाई, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, ते चिलखत अंगावर चढवून मुंबई शहरातील उघड्या जागी उभ्या आहेत.

आता थोडे वेताविषयी सांगतो, कारण या कामाचे अर्धे रहस्य त्यात आहे. पुष्कळांचा समज असा असतो की वेत म्हणजे बारीक बांबूच. वस्तुतः बांबू हे गवत आहे आणि ते आतून पोकळ असते. वेत हा ताडाच्या कुळातील काटेरी वेल असून तो आतून भरीव असतो. तो दुसऱ्या झाडांच्या आधाराने पुष्कळ लांबवर चढत जातो. त्याची कांब भिजवून वा धग देऊन वाकविली की हवा तो आकार घेते, आणि वाळल्यावर तो आकार सोडीत नाही. सालीच्या पट्ट्या काढल्या की त्यांनीच बांधकाम करता येते. खिळा लागत नाही, ओझे होत नाही, आणि वारा आरपार जातो. खुर्चीची बैठक, परडी, पाळणा ही त्याची घरगुती रूपे. अरुणाचल प्रदेशातील आदी, न्यिशी इत्यादी लोकांमध्ये वेताची शिरस्त्राणे घालण्याची चाल आहे. म्हणजे वेताला घरचीही सवय आहे आणि रणाचीही.

माझ्यासारख्या मास्तराला वेताचे आणखी एक रूप विसरता येणार नाही, ते म्हणजे छडीचे. 'वेत' आणि 'शाळा' हे दोन शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जोडीने नांदले. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली, आणि ते योग्यच झाले. परंतु म्हणूनच या चिलखतांत मला विशेष मौज वाटली. जी वस्तू दुसऱ्याला धाक घालण्यासाठी हाती धरली जाई, तीच वाकवून कोणी बाईने आपल्या रक्षणाचे कवच करावे, हा पालट साधा नव्हे.

तथापि या कामाच्या नावात चिलखताबरोबर पिंजराही आहे, हे विसरता कामा नये. कलावतीने तो शब्द उगाच घातलेला नाही. चिलखत शेवटी कसे असते? त्याने बाहेरचा घाव आत येत नाही; परंतु आतल्या माणसालाही धड वाकता येत नाही, पळता येत नाही, कोणाला मिठीसुद्धा मारता येत नाही. वेताच्या वळ्यांतून आतला देह दिसतो तेव्हा पाहणाऱ्यास क्षणभर कळत नाही की ही बाई सुरक्षित आहे, की कोंडलेली आहे. दोन्ही एकदमच खरे आहे, हे या कामाचे म्हणणे.

ही गोष्ट आम्हा खुलताबादकरांना समजावून द्यावी लागत नाही. आमचे गाव तटबंदीचे आहे. औरंगजेब बादशहाच्या काळात गावाभोवती उंच तट बांधला गेला. त्याला नगारखाना, पांगरा, लंगडा अशा नावांचे दरवाजे ठेवले गेले. तट बांधणाऱ्याचा हेतू रक्षणाचा, हे उघड आहे. परंतु कोणत्याही तटाच्या गावात रात्री दरवाजा लागला की बाहेरचा जसा बाहेर राहतो, तसा आतलाही आतच राहतो. दरवाजाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, यावर तो तट की तुरुंग हे ठरते. स्त्रीच्या बाबतीत ही किल्ली बहुधा दुसऱ्याच कोणाच्या कमरेला राहत आली आहे.

आपण म्हणाल, शहरात राहणाऱ्या, शिकल्यासवरल्या, मिळवत्या स्त्रीला चिलखत कशाला हवे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवावयास जाऊ लागल्या. वाटेत लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकीत. म्हणून त्या बरोबर एक जास्तीचे लुगडे नेत आणि शाळेत पोचल्यावर ते नेसून वर्गावर जात, असे सांगतात. श्रोतेहो, माझ्या मते आधुनिक महाराष्ट्रातील शहरी स्त्रीचे पहिले चिलखत ते हे दुसरे लुगडे होय. त्याने दगड अडत नसे. परंतु शेण टाकणाऱ्याचा हेतू मात्र अडे, कारण शाळा बंद पडत नसे.

पुढे आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस वैद्यकी शिकावयास निघाल्या. जाण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी एक भाषण केले. त्यात आपण अमेरिकेस का जातो हे सांगताना, मुंबईस शाळेत जाताना आणि कलकत्त्यास रस्त्याने चालताना लोकांनी दिलेल्या त्रासाचेही वर्णन त्यांनी केले. ज्या बाईने समुद्र ओलांडण्याचे धैर्य केले, तिला घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता ओलांडणे जड जात होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच काळातील लेखिका काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई पायांत बूट घालून व हाती छत्री घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा त्यांना दगड खावे लागले, असेही सांगितले जाते. बूट आणि छत्री या पुरुषाच्या रुबाबाच्या वस्तू! उन्हातान्हात डोक्यावर छत्री धरणे हासुद्धा बाईच्या बाबतीत अपराध ठरला.

तेव्हापासून पुष्कळ पाणी पुलाखालून गेले. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी असलेली पहिली लोकल गाडी मुंबईत धावली. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नियम घालून दिले आणि २०१३ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी फौजदारी कायद्यात सुधारणा होऊन स्त्रीचा पाठलाग करणे, चोरून पाहणे हे वेगळे गुन्हे ठरले. २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहेत. ही सर्व शासनाने दिलेली चिलखतेच आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. परंतु कायदा घाव पडल्यावर धावतो. घाव पडू नये म्हणून स्त्रीने रोज जे करावयाचे असते, ते कोणत्याही राजपत्रात छापलेले नसते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईस नोकरी करते. दिवाळीत भेटावयास आली असता मी तिला सहज विचारले, "बाळ, रात्री स्टेशनावरून घरी जाताना भीती नाही ना वाटत?" ती हसून म्हणाली, "सर, मी फोन कानाला लावून चालते. पलीकडे कोणी नसतं. मी एकटीच बोलत असते." श्रोतेहो, पलीकडे कोणी नसलेला तो फोन हेही चिलखतच आहे. गर्दीच्या बसमध्ये बोटांत धरलेली सेफ्टी पिन, छातीशी घट्ट धरलेली पर्स, नजर खाली ठेवून भरभर चालण्याची लकब, पायऱ्यांवर पावलांचा आवाज ऐकून हातात तयार ठेवलेली किल्ली, ही सगळी त्याच जातीची. आपल्या घरातील स्त्रिया ही चिलखते रोज चढवितात आणि रोज उतरवितात, म्हणून आपल्याला ती दिसत नाहीत. शकुंतलाबाईंनी एवढेच केले की ती वेताची करून सर्वांस दिसतील अशी उभी केली.

मुंबईतील तीन अभ्यासक स्त्रियांनी, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी, २०११ साली 'व्हाय लॉयटर?' नावाचे एक पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थ 'उगाच का रेंगाळावे?' असा आहे. त्यांचे निरीक्षण असे की शहरात स्त्रीला रस्त्यावर असण्यासाठी कारण लागते. ती कामावर जात असेल, भाजी आणीत असेल, मुलाला शाळेतून घेऊन येत असेल, तर ठीक. परंतु पुरुष जसा पानपट्टीपाशी वा चौकात काहीएक न करता घटकाभर उभा राहतो, तशी स्त्री उभी राहू शकत नाही. उभी राहिलीच, तर हातातल्या पिशवीने, घड्याळाकडे पाहून, आपण कोणाची तरी वाट पाहत आहो असे तिला दाखवावे लागते. हे वाचून आपल्या गल्लीकडे एकवार नजर टाकावी. पारावर, कट्ट्यावर, दुकानाच्या फळीवर संध्याकाळी कोण बसलेले असते? त्यांत बायका किती?

आता शकुंतलाबाईंच्या त्या छायाचित्रांकडे पुन्हा पाहावे, म्हणजे त्यांचा अर्थ उलगडू लागेल. चिलखत घातलेली ती बाई तेथे काय करीत आहे? काहीही करीत नाही. ती उभी आहे. तिच्या हाती पिशवी नाही, ती कोणाची वाट पाहत नाही. शहरात कारणावाचून उभे राहणे एवढेच तिचे कार्य आहे, आणि तेवढ्यासाठी तिला नखशिखान्त कवच घालावे लागले आहे. बाईने नुसते उभे राहण्याला जेथे एवढी सिद्धता लागते, त्या शहराविषयी काय म्हणावे, हे छायाचित्र पाहणाऱ्याने स्वतःच ठरवावयाचे आहे.

शहरातील स्त्री पूर्वी चित्रांत आली नव्हती, असे मात्र नव्हे. कोल्हापूरचे रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईचे रस्ते आणि तेथील माणसे अपार हौसेने रंगविली. एस. एम. एडवर्ड्स यांच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' या १९१२ सालच्या ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली. पुढे ऑटो रॉथफील्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' या ग्रंथात हिंदुस्थानातील नाना जातींच्या व प्रांतांच्या स्त्रिया त्यांच्याच कुंचल्यातून उतरल्या. लुगड्याची तऱ्हा, नथीचा घाट, पदराची बाजू, यांवरून ही बाई कोणत्या समाजाची हे अचूक ओळखता यावे, असे ते काम आहे. ते करणाऱ्याची दृष्टी प्रेमाची होती यात संशय नाही. परंतु पाहणारा एक आणि पाहिली जाणारी दुसरी, हा भेद त्यात राहिला. धुरंधरांच्याच कन्या अंबिकाबाई (१९१२–२००९) जे. जे. मध्ये शिकून स्वतः चित्रकर्त्री झाल्या, तेव्हा कुंचला स्त्रीच्या हाती येऊ लागला. शकुंतलाबाईंच्या कामात पाहणारी आणि पाहिली जाणारी एकच आहे. ज्या देहाविषयी सांगावयाचे तो त्यांनी आपलाच घेतला, आणि त्यावर असा पोशाख चढविला की त्यावरून जात, प्रांत, सौभाग्य काहीच ओळखू येऊ नये. जी नजर बाई दिसताच प्रथम तिची कुळकथा शोधते, ती नजर या वेताच्या वळ्यांत अडकून बसते.

माझ्या गावापासून वेरूळची लेणी तासाभराच्या चालीवर आहेत. तेथे कैलास लेण्यात महिषासुराशी झुंजणाऱ्या दुर्गेचा एक मोठा शिल्पपट आहे. सिंहावर बसलेली देवी, तिचे अनेक हात, प्रत्येक हातात शस्त्र, आणि समोर मागे रेललेला असुर. शिल्पकाराने देवीला आयुधे भरभरून दिली. चिलखत मात्र दिले नाही. तिला त्याची गरजच वाटली नाही. आता शकुंतलाबाईंच्या कामाच्या नावाशी हे ताडून पाहा. त्यांच्या नावात देह आहे, चिलखत आहे, पिंजरा आहे; आयुधाचा उल्लेख नाही. त्याआधीच्या आपल्या एका कामाला त्यांनी 'तिने गर्जना केली आणि विश्व हादरले' अशा अर्थाचे नाव दिले होते, तेव्हा देवीची कथा त्यांच्या मनात होती हे उघड आहे. परंतु आपण नवरात्रात जिची आरती करतो त्या देवीच्या हाती आठ-दहा शस्त्रे, आणि आपल्या शेजारची जी मुलगी रात्रपाळी करून येते तिच्या हाती एक सेफ्टी पिन! देवीचे कौतुक करून हे अंतर भरून निघत नाही.

काही सुशिक्षित गृहस्थ अशा कामांविषयी ऐकून विचारतात, "ही कला कशी? हे भिंतीवर टांगता येत नाही, देवघरात ठेवता येत नाही." त्यांना माझे सांगणे असे की वेष चढवून अर्थ सांगणे ही आपली जुनी रीत आहे. बहुरूपी दारात येतो, तो काय करतो? मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहाटे गल्लीतून जातो, कडकलक्ष्मीवाला अंगावर आसूड ओढून घेतो, नाशिक आणि ठाण्याकडील गावांत बोहाड्याच्या रात्री देवदैत्यांचे मुखवटे घालून माणसे नाचतात, तेव्हा आपण त्यांना विचारीत नाही की हे भिंतीवर कसे टांगावे. मुखवट्याने माणूस लपतो आणि त्याचवेळी दुसरे काही प्रकट होते, हे आपल्या खेड्यांना ठाऊक आहे. तेच शहरात, कलादालनात, एका शिकलेल्या बाईने केले म्हणजे आपण का बिचकावे?

एकट्या बाईपासून निघालेले हे काम पुढे अनेकींपर्यंत गेले. २०१५ च्या सुमारास शकुंतलाबाईंनी 'जुलूस' या नावाचे चलच्चित्र केले. त्यात चिलखत घातलेली एकच आकृती अनेक होते आणि त्या सर्वजणी चालत निघतात. पूर्वीची बाई उभी होती, ही चालू लागली. पूर्वी ती एकटी होती, आता तिच्या बरोबर दुसऱ्या आहेत. माझ्या अल्पमतीस या चलच्चित्रातील तथ्य असे वाटते की एकटीला जे चिलखत भासते, ते अनेकी मिळून चालू लागल्या की गणवेषासारखे होते, आणि त्यातली भीती कमी होते. स्त्रियांच्या लोकलमधून उतरणारा लोंढा ज्याने पाहिला आहे, त्याला हे पटेल. त्या लोंढ्यात कोणी फोन कानाला लावून खोटे बोलत नसते.

या वेताच्या आकृतींचा प्रवास तेथेच थांबला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिस येथे दिओर या प्रसिद्ध वस्त्रगृहाने नव्या पोशाखांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा मंडपाची शोभा शकुंतलाबाईंच्या मोठमोठ्या वेताच्या आकृतींनी झाली होती. त्यांच्यामधून सुंदर वस्त्रे ल्यालेल्या तरुणी चालत गेल्या. एका हिंदी कलावतीचा हा मोठा मान झाला, याचा आनंद आहेच. परंतु एक प्रश्नही मनात येतो. जे चिलखत स्त्रीच्या भयाची साक्ष देण्यासाठी घडले, तेच महागड्या कपड्यांच्या बाजारात पार्श्वभूमी म्हणून उभे राहिले, तर त्याची धार बोथट होत नाही काय? याला दुसरी बाजूही आहे. वस्त्रांचा धंदा स्त्रीचा देह कसा दिसावा हे ठरवितो; त्याच धंद्याच्या मधोमध, देह कसा वाचवावा याची आठवण देणाऱ्या आकृती उभ्या राहिल्या. पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी ती आठवण घेतली हे सांगणे कठीण. कलेचे बी जेथे पडते तेथे उगवतेच असे नाही, म्हणून ते टाकूच नये असेही नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तोच माझ्या दृष्टीने महत्त्वाचा. आपण सर्व कन्येचे आईबाप, आजीआजोबा, काका-मामा आहोत. छत्तीस वर्षे शिकविताना मी पाहिले की मुलगी दहावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली की घरात आनंद होतो आणि लगोलग चिंता सुरू होते. कॉलेज पंचवीस किलोमीटरवर संभाजीनगरला, संध्याकाळची एस. टी. चुकली तर? पुढे पुण्याला, मुंबईला जावयाचे म्हटले तर राहावयाचे कोठे, फाटक किती वाजता बंद होते? 'सातच्या आत घरात' हे २००४ साली एका मराठी चित्रपटाचे नाव झाले, परंतु घरोघरी तो नियम त्याच्या कितीतरी आधीपासून होता. 'बाईची अब्रू काचेचे भांडे' असे म्हणत आपण त्या भांड्याभोवती भुसा भरीत राहतो. मी काळजी करणाऱ्या आईबापांना दोष देत नाही. त्यांची भीती खरी आहे, आणि ती ज्यांच्यामुळे आहे ती माणसेही खरी आहेत.

परंतु वेताच्या त्या चिलखतापुढे उभे राहून प्रत्येक घराने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. पहिला असा, की हे चिलखत मुलीने आपल्या इच्छेने घातले आहे, की आपण तिच्यावर चढविले आहे? मुलगी स्वतः विचार करून उशिराची गाडी टाळते, ती गोष्ट निराळी. आणि तिचे शिक्षणच थांबवून आपण ती गाडी कायमची टाळतो, ती निराळी. पहिल्यात किल्ली तिच्या हाती आहे. दुसऱ्यात पिंजरा आपण केला आहे, आणि त्याला मायेचे नाव दिले आहे. किती हुशार मुली या मायेपोटी नववी-दहावीनंतर घरी बसल्या, याचा हिशेब कोणत्याही हजेरीपटावर निघत नाही. पटावर नुसते 'शाळा सोडली' एवढेच लिहिलेले असते.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. मुलीला आपण चिलखत दिले. मुलाला काय दिले? ज्या रस्त्याची मुलीला भीती वाटते, त्या रस्त्यावर उभे असलेले तरुण आकाशातून पडलेले नसतात. ते कोणाच्या तरी घरी जेवून, कोणाच्या तरी शाळेत शिकून तेथे आलेले असतात. मुलगी घरी आली की आपण विचारतो, "उशीर का झाला? बरोबर कोण होतं?" मुलगा आला की विचारतो, "जेवलास का?" ही प्रश्नांची वाटणी जोवर अशीच राहील, तोवर वेताचे असो, कायद्याचे असो वा दुसऱ्या लुगड्याचे असो, मुलीच्या अंगावरचे ओझे उतरणार नाही.

तेव्हा मुलीच्या वसतिगृहाच्या फाटकाचे कुलूप तपासून येणाऱ्या बापाने परत येताना आपल्या गल्लीच्या चौकात घटकाभर थांबावे, आणि तेथे आपला मुलगा कोणाबरोबर उभा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडे पाहून काय बोलतो आहे, हेही एकदा ऐकून यावे.